तेत-आ-तेत आसनाचे मूल्यांकन

इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळणारी एकच पाठ आणि तिच्या दोन वळणांत उलटसुलट दिशांना तोंड केलेल्या दोन बैठका, असे गादीकाम केलेले जुने आसन म्हणजे तेत-आ-तेत. त्याला कॉन्फिदाँ असेही म्हणतात. भिंगरीसारख्या तीन बैठका असतील तर अँदिस्क्रे. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात (१८५२–७०) फ्रान्समधील दिवाणखान्यांत ही आसने मिरवली. बसणाऱ्या दोघांचे खांदे जवळ येतात, तरी मान किंचित वळवली की बोलणे समोरासमोर होते.

मूल्यांकन करताना आसन आधी उलटे करून पाहावे. या फ्रेंच आसनांत लाकूड बहुधा कापडाखाली झाकलेले असते. सांगाडा बीचसारख्या साध्या लाकडाचा, वाळवी-भुंग्यांना लवकर बळी पडणारा. त्यामुळे वय आणि अस्सलपणा ठरतो तो आतल्या थरांवरून: तागाच्या पट्ट्या, सुतळीने बांधलेल्या स्प्रिंगा, गोणपाट, घोड्याचे केस, आणि वर खोल बटणे ओढून केलेले कापितोने काम. गुंडाळीच्या स्प्रिंगा गादीकामात रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकात. म्हणून स्प्रिंगांचे आसन अठराव्या शतकातले आहे असे कोणी सांगितले, तर सांगाडा जुना असून स्प्रिंगा मागाहून बसवल्या आहेत का, हे तपासावे लागते. पॉलियुरेथेन फोम किंवा स्टेपलच्या पिना दिसल्या तर ते काम विसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे. कापडाचा रंगही बोलतो: इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली बनवला, म्हणून तसा रंग दिसला तर कापड त्यानंतरचे.

सर्वांत बोलका पुरावा चुकांच्या, म्हणजे कापड ठोकायच्या बारीक खिळ्यांच्या, भोकांचा. प्रत्येक वेळी कापड बदलले की लाकडात भोकांची नवी ओळ पडते. दोन सुट्या खुर्च्या जोडून तेत-आ-तेत बनवले असेल, तर दोन्ही बाजूंच्या भोकांचा इतिहास जुळत नाही, मधल्या पाठीचे लाकूडही वेगळे निघते. विकण्याआधी आसन ‘नवे दिसावे’ म्हणून जुने गादीकाम उपसून टाकणे ही मोठी हानी आहे. मळलेले का असेना, मूळ भरण आता दुर्मीळ आहे. एकदा ते कचऱ्यात गेले की तो पुरावा परत मिळत नाही.

किंमत कशासाठी हवी, यावर आकडा बदलतो. विम्यासाठी तसेच आसन पुन्हा मिळवण्याचा खर्च धरतात, लिलावाचा अंदाज त्याहून बराच खाली असतो. शिवाय हे आसन भिंतीला लावता येत नाही. त्याला मोठ्या खोलीचा मध्य लागतो, आणि तेवढी जागा असणारे गिऱ्हाईक थोडे.

गोव्यातील जुन्या घरांत याच आकाराची वेताने विणलेली आसने आढळतात. तिथे लाकूड उघडे असल्याने त्याची जात, कोरीवकाम आणि पॉलिश यांना आधी भाव मिळतो. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातील कोरीव शिसवी फर्निचरचेही तसेच. मात्र १९७२ च्या पुरावस्तूविषयक केंद्रीय कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी, कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकायला नेता येत नाही. त्यामुळे पॅरिस-लंडनच्या लिलावातले आकडे अशा आसनाला लावणे चुकीचे ठरते; त्याची तुलना देशातल्याच विक्रीशी करावी लागते.