‘निरंक’ आणि रिकामा डॅशबोर्ड

सरकारी तक्त्यात कळवण्यासारखं काही नसलं तरी रकाना कोरा सोडत नाहीत. तिथे ‘निरंक’ लिहितात. कोरा रकाना म्हणजे माहिती आलीच नाही. निरंक म्हणजे कुणीतरी पाहिलं आणि काही नाही असं सहीनिशी कळवलं. जीएसटीतही महिनाभर एकही व्यवहार झाला नाही तरी निरंक विवरणपत्र भरावंच लागतं. जून २०२० पासून ते एसएमएसवरूनही भरता येतं. व्यवसायाचे आकडे एका पानावर दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर मात्र हा फरक कधीच पुसला गेला, आणि त्याची मुळं डेटाबेसमध्ये आहेत.

आयबीएमचे एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांमध्ये मांडायची पद्धत, मांडलं. त्यांच्या १९८५ च्या बारा नियमांपैकी तिसरा नियम नलचा: नसलेल्या माहितीची खूण शून्यापेक्षा आणि कोऱ्या जागेपेक्षा वेगळी हवी. नंतर ते आणखी पुढे गेले. माहिती असायला हवी पण हाती नाही, याची एक खूण. माहिती इथे लागूच होत नाही, याची दुसरी. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा असलेल्या एसक्यूएलने मात्र एकच नल ठेवला. माझ्या मते नुकसान तिथेच झालं.

रोजच्या कामात ते असं दिसतं. विक्रीच्या टेबलात या महिन्याची एकही नोंद नसेल, तर नोंदी मोजणारा काउंट ० देतो आणि बेरीज करणारा सम नल देतो. त्याच क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, शाखेनुसार गट पाडणारा ग्रुप बाय लावा, एकही ओळ परत येत नाही. म्हणजे जिथे काहीच विकलं गेलं नाही ती शाखा अहवालात शून्यावर दिसत नाही, अहवालातूनच गायब होते. साहेबांना सर्वांत आधी कळायला हवी ती नेमकी हीच शाखा.

अहवालाच्या साधनांनी यावर संदेशाची सोय केली. मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेस २००४ मध्ये आल्या. त्यात एकही ओळ नसेल तेव्हाचा मजकूर आपला आपण लिहिता येतो. ओरॅकल बीआयचा ठरलेला संदेश फिल्टर तपासायला सांगतो, तोही बदलता येतो. पॉवर बीआयचं एकच आकडा दाखवणारं जुनं कार्ड नुसतं ‘ब्लँक’ म्हणतं. सोय आहे, पण तो मजकूर लिहायला कुणी बसत नाही.

मी काम करत होतो तिथे दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी फोन सुरू व्हायचे: डॅशबोर्ड बंद पडला. बंद काही नव्हतं. फिल्टर ‘चालू महिना’ आणि डेटा कालपर्यंतचा, म्हणजे मागच्या महिन्याचा. शेवटी आम्ही लिहिलं: ‘सध्या ३१ मार्चपर्यंतची विक्री भरलेली आहे. एप्रिलची पहिली विक्री उद्या सकाळी दिसेल.’ तारखा अर्थातच क्वेरीतून येत होत्या. पुढच्या एक तारखेला एकही फोन आला नाही.

अधिकार नसल्यामुळे पान रिकामं दिसतं, तो प्रकार यात बसत नव्हता. त्यासाठी वेगळा संदेश केला: ‘या विभागाचा डेटा पाहण्याची परवानगी तुमच्याकडे नाही’, आणि खाली परवानगी कुणाकडे मागायची ते.