जुन्या औषधाच्या नव्या चाचणीचा खर्च कोणी करायचा?

दात काढण्याआधी डेंटिस्ट हिरडीत जे इंजेक्शन टोचतात, ते बहुतेक वेळा लिग्नोकेनचं असतं. ओठ जड होतो आणि तास-दोन तासांत सगळं पूर्ववत होतं. १९४०च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झालेलं हे औषध आज तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यातही मिळतं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळ्याच जागी टोचून पाहिलं. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढायला घेण्यापूर्वी सात ते दहा मिनिटं, गाठीच्या सगळ्या बाजूंनी, ०.५ टक्क्यांचं द्रावण. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाते तेव्हा कर्कपेशी निसटून पसरत असाव्यात आणि बधिरतेचं हे औषध त्यांना रोखू शकेल, असा त्यामागचा तर्क होता.

२०११ पासून देशातल्या ११ रुग्णालयांमध्ये सुमारे १६०० महिलांवर ही चाचणी झाली. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर ८२.६ टक्के होतं, तर इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये ८६.६ टक्के. एकूण जगण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ वर गेलं. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आतला. चाचणीमागे कुठलीही औषध कंपनी नव्हती, पैसा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचा होता.

कंपनी का नव्हती, हे समजायला पेटंटचं गणित पाहावं लागतं. पेटंट वीस वर्षांचं. ते संपलं की कुणीही ते औषध बनवू शकतो आणि किंमत कोसळते. रुग्णासाठी हे चांगलंच. पण मग त्याच औषधाचा नवा उपयोग सिद्ध करायला कोट्यवधी रुपये कोण घालणार? खर्च एकाने करायचा आणि विक्री सगळ्यांनी वाटून घ्यायची, असा तो व्यवहार होतो. भारतात तर पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)नुसार माहीत असलेल्या पदार्थाच्या नुसत्या नव्या उपयोगाला पेटंटच मिळत नाही. हे कलम मला मनापासून योग्य वाटतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या एका औषधाला पेटंट नाकारलं ते याच कलमाच्या आधारे. मात्र पेटंटचं आमिष काढून घेतल्यावर चाचणीचा पैसा दुसरीकडून आणावा लागतो, हेही तितकंच खरं. त्यासाठी सुचवला गेलेला एक मार्ग म्हणजे सामाजिक परिणाम रोखे: आधी खर्च गुंतवणूकदार करतात, आणि ठरलेला परिणाम दिसला तरच सरकार किंवा एखादी संस्था त्यांना तो परताव्यासह फेडते.

जुन्या औषधांना नवे उपयोग सापडणं हे काही आजचं नाही. आधी ते योगायोगाने व्हायचं. गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो बाळं व्यंगासह जन्माला आली म्हणून १९६१ मध्ये थॅलिडोमाइड बाजारातून काढून घेतलं गेलं. तीनच वर्षांनी जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन या डॉक्टरांनी वेदनेने झोपू न शकणाऱ्या कुष्ठरुग्णाला झोप लागावी म्हणून तेच औषध दिलं, आणि त्याच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठी ओसरू लागल्या. अमेरिकेत त्याला या कामासाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी मान्यता मिळालेलं सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं. पण तिथे पेटंट शाबूत होतं, त्यामुळे चाचण्यांना पैसा कमी पडला नाही.

सामाजिक परिणाम रोख्यांचा उगम मात्र औषधांपासून फार लांबचा आहे. न्यूझीलंडचे अर्थतज्ज्ञ रॉनी होरेश यांनी १९८८ मध्ये एक कल्पना मांडली: सरकारने कामाचे पैसे न देता परिणामाचे द्यावेत, आणि त्यासाठी रोखे काढावेत. पहिला प्रत्यक्ष प्रयोग इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगात सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झाला. अल्प शिक्षा भोगून सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळू नयेत म्हणून १७ गुंतवणूकदारांनी ५० लाख पौंड दिले. पुनर्गुन्ह्यांचं प्रमाण निदान ७.५ टक्क्यांनी घटलं तरच मुद्दल आणि परतावा मिळणार होता. २०१७ मध्ये निकाल आला: ९ टक्के घट. गुंतवणूकदारांना वर्षाला तीन टक्क्यांहून थोडा जास्त परतावा मिळाला.

न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात उलटं झालं. तिथे गोल्डमन सॅक्सने कर्ज दिलं होतं, किशोरवयीन कैद्यांसाठीच्या कार्यक्रमाचा परिणाम शून्य आला आणि २०१५ मध्ये तो बंद झाला. शहराने एक पैसाही दिला नाही. मला या रोख्याचं खरं बळ इथेच दिसतं. फसलेल्या प्रयोगाचा भार करदात्यावर पडला नाही, बँकेवर आणि तिला हमी देणाऱ्या धर्मादाय संस्थेवर पडला. आपल्याकडे राजस्थानातल्या भीलवाडा जिल्ह्यात मुलींच्या शिक्षणासाठी २०१५ ते २०१८ असाच रोखा चालला आणि शिकण्यातल्या प्रगतीचं लक्ष्य १६० टक्के गाठलं गेलं. तिथे परिणामाचे पैसे सरकारने नव्हे, एका परदेशी प्रतिष्ठानाने दिले.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते दुर्मीळ आजारांच्या निमित्ताने. केंब्रिजमधल्या फाइंडअक्युअर या संस्थेने मांडलेली रचना अशी: गुंतवणूकदारांनी जुन्या औषधांच्या काही चाचण्यांचा खर्च उचलायचा. एखादं औषध लागू पडलं की ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचा त्या रुग्णांवरचा खर्च घटेल, आणि वाचलेल्या पैशातला वाटा आरोग्यसेवेने गुंतवणूकदारांना द्यायचा. काही चाचण्या फसल्या तरी एखाद्या यशात सगळं भरून निघावं, हा हिशेब.

संस्थेचे एक संस्थापक निक सिरो यांच्या दोन मुलांना अल्काप्टोन्युरिया आहे. या आजारात बाळाचं लंगोट हवेत राहिलं की काळं पडतं. तिशी-चाळिशीत सांध्यांची कूर्चा काळी, ठिसूळ होत जाते आणि गुडघे, खुबे बदलावे लागतात. १९०२ मध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी याच आजारावरून अनुवांशिक चयापचय-दोषांची संकल्पना मांडली, पण पुढची शंभर वर्षं इलाज नव्हता. ज्या निटिसिनोनकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं, ते मुळात तणनाशकाच्या संशोधनातून निघालेलं. १९९०च्या दशकापासून टायरोसिनेमिया या दुसऱ्या एका आजारात ते मुलांचे जीव वाचवत होतं.

त्याची चाचणी अल्काप्टोन्युरियावर झाली तेव्हाची गोष्ट रोख्यांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या पहिल्या चाचणीत ४० रुग्ण होते, मुदत तीन वर्षं, आणि यश मोजलं गेलं ते खुब्याच्या हालचालीवरून. या आजारात रक्तात आणि लघवीत वाढणारं घातक आम्ल प्रचंड घटलं, पण खुब्याची हालचाल सुधारल्याचं सिद्ध झालं नाही. २०११ मध्ये चाचणी अयशस्वी म्हणून नोंदली गेली. लिव्हरपूलचे प्रा. लक्ष्मीनारायण रंगनाथ यांच्या पुढाकाराने युरोपीय निधीतून दुसरी चाचणी झाली. तिच्यात १३८ रुग्ण होते आणि ती चार वर्षं चालली. या वेळी मुख्य माप लघवीतल्या आम्लाचं ठेवलं होतं. ते ९९ टक्क्यांहून जास्त घटलं आणि २०२० मध्ये युरोपात औषधाला मान्यता मिळाली. औषध तेच, आजार तोच, बदललं ते माप. रोख्यात तर पैसा मापालाच बांधलेला असतो. म्हणून करारात पहिली ओळ लिहिण्याआधी डॉक्टर आणि रुग्ण दोघांना विचारून माप ठरलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटनमध्ये याच सुमाराला कायद्याचा मार्गही चोखाळून पाहिला गेला. पेटंट संपलेल्या औषधांच्या नव्या उपयोगांना परवाना मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकणारं विधेयक नोव्हेंबर २०१५ मध्ये संसदेत बोलण्यातच वेळ संपवून पाडलं गेलं. पुढे कोविडमध्ये डेक्सामेथासोनने दाखवून दिलं की पैसा तयार असेल तर काय होऊ शकतं. १९५७ मध्ये तयार झालेलं हे स्टेरॉइड. रिकव्हरी चाचणी मार्च २०२० मध्ये सरकारी निधीतून सुरू झाली आणि १६ जूनला निकाल हाती आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी. त्याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नसल्याचंही दाखवलं. असा नकारही मोलाचा असतो, पण रोख्यात नकाराला कुणी पैसे देत नाही. ही या साधनाची मोठी उणीव आहे.

सध्या न्यूझीलंडचेच पेटंट-वकील साव्हा केर्डेमेलिडिस हे क्राउड फंडेड क्युअर्स या उपक्रमातून यशानंतर पैसे देण्याची पद्धत जुन्या औषधांना लावण्याचा आग्रह धरत आहेत. प्रश्न तोच राहतो: परिणामाचे पैसे देणार कोण? ज्याच्या वहीत बचत दिसते तोच देऊ शकतो. ब्रिटनमध्ये उपचारांचं बिल बहुतांशी एकाच तिजोरीतून जातं. आपल्याकडे उपचाराच्या खर्चाचा मोठा भाग घरचे दागिने मोडून, शेत गहाण ठेवून भरला जातो. वाचलेला पैसा त्या घराचा असतो आणि त्या घराकडून वाटा मागणं शक्यही नाही, योग्यही नाही.

तरी दोन जागा डोळ्यांसमोर येतात. २०२०च्या अखेरीस पिंपरी-चिंचवड महापालिकेने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर आरोग्यसेवेतल्या सामाजिक परिणाम रोख्यासाठी सामंजस्य करार केला. म्हणजे ही भाषा महाराष्ट्रातल्या प्रशासनाला आता परकी नाही. दुसरी जागा अधिक महत्त्वाची. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जन आरोग्य योजना कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनची बिलं भरते. परळच्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या शंभर महिलांमागे चार जणी जास्त आजार न उलटता राहिल्या. अशा चार जणींच्या दुसऱ्या केमोची बिलं ज्या वहीत येणार नाहीत, ती वही या योजनेची आहे.