हजेरी (गुन्हेगार जमाती कायदा)

हजेरी : ‘गुन्हेगार जमात’ ठरवलेल्या समाजातील माणसाने नेमल्या वेळी पोलिसांपुढे किंवा नेमून दिलेल्या माणसापुढे उभे राहण्याची ब्रिटिश काळातील सक्ती. १८७१ चा मूळ कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखा, म्हणजे पूर्व व पश्चिम खानदेशही, त्याच्या कक्षेत आला.

खानदेशात शब्दांची उलटापालट त्याच्या कितीतरी आधी झाली होती. सातपुड्याच्या घाटवाटा राखणारे भिल्ल नाईक (म्होरके) वाटसरूंकडून हक्क, म्हणजे वाटेचा कर, घेत. १८१८ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या दफ्तरात तो हक्क ‘लूट’ झाला आणि नाईक ‘लुटारू’. १८२५ मध्ये कंपनीचा लष्करी अधिकारी जेम्स आउट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली, तेव्हा त्याच समाजातले जे गणवेशात आले ते ‘शिपाई’ झाले.

हजेरीची रीत अशी. सरकार जमातीचे नाव राजपत्रात छापी, आणि ती घोषणा योग्य की अयोग्य हे कोणत्याही न्यायालयाला विचारता येत नसे. सारी जुलमी ताकद या एका कलमात आहे. मग नावनोंदणी, बोटांचे ठसे, ठराविक अंतराने हजेरी, आणि मुक्काम बदलण्याआधी कळवणे. कोणी चुकला तर ती खबर देणे गावच्या पाटलावर व राखणदारावर बंधनकारक होते. त्यामुळे शेजारीच पहारेकरी झाला, आणि पाटलाशी वाकडे घेणे परवडेनासे झाले. नोंदलेला माणूस संशयास्पद स्थितीत सापडला, तर चोरी झालेली नसतानाही ३ वर्षांपर्यंत कैद व १,००० रुपयांपर्यंत दंड होई. ६ ते १८ वयाची मुले आईबापांपासून तोडून औद्योगिक शाळेत ठेवता येत. तारेच्या कुंपणातल्या वस्तीला नाव मात्र ‘सुधारणा’ वसाहतीचे. लोक तिला सेटलमेंट म्हणत.

यात मुळातच खोट होती. लग्नाला किंवा कापूसवेचणीला परगावी गेलेल्याची हजेरी चुके, चुकली की शिक्षा होई, आणि तीच शिक्षा पुढे जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा म्हणून दाखवता येई. नोंदवहीच गुन्हे तयार करी.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘राजपूत भामटा’ हे नाव आहे. मराठीत ‘भामटा’ ही आजही ठकाला दिलेली शिवी आहे.