टबिंग वेगळं आणि फ्रिजिंग वेगळं: आजारी अ‍ॅक्सोलॉटलला नक्की ठेवायचं कशात?

अ‍ॅक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, बेडकाच्या नात्यातला उभयचर प्राणी) आजारी पडला की कुणीतरी सांगतं "टब कर", लगेच दुसरं कुणी सांगतं "फ्रीजमध्ये ठेव", आणि ऐकणारा आधीच घाबरलेला असतो त्यामुळे दोन्ही एकच समजून त्याला डब्यात घालतो, डबा फ्रीजमध्ये सरकवतो आणि दार लावून मोकळा होतो. मी पण हेच केलं होतं, म्हणून लिहितेय.

टबिंग म्हणजे त्याला टँकमधून काढून साध्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये, क्लोरीन काढलेल्या पाण्यात ठेवायचं आणि ते पाणी रोज सगळंच्या सगळं बदलायचं. फ्रिजिंग म्हणजे तोच टब फ्रीजमध्ये, साधारण ५ ते ८ अंशांवर. म्हणजे फ्रिजिंगमध्ये टबिंग आलंच, पण टबिंगला फ्रीज लागत नाही. एक उपाय पाण्याच्या घाणीवरचा, दुसरा तापमानाचा. आता गंमत अशी की घरातल्या अ‍ॅक्सोलॉटलचं दुखणं बऱ्याचदा पाण्यातूनच आलेलं असतं, आणि लोकांना मात्र फ्रीजच आठवतो, कारण फ्रीज म्हटलं की काहीतरी मोठा इलाज केल्यासारखं वाटतं आणि पाणी बदलणं म्हणजे काय, रोजचंच काम.

माझ्या गुंड्याचं सांगते. दोन दिवस त्याचे कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकडं, गांडूळ तोंडाशी धरलं की घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. पाणी तपासायचं टेस्ट किट काढलं, अमोनियाच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं ते चांगलंच हिरवट झालं. कारण नंतर कळलं, आठवड्यापूर्वी मीच फिल्टरचा स्पंज नळाखाली मस्त चोळून धुतला होता, नळाच्या क्लोरीनने त्यातले अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया मेले. (स्पंज नेहमी टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय.) मी गुंड्याला डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला, आणि थंडीत खात नाहीये तर घाण कुठे करणार म्हणून तीन दिवस पाणीच बदललं नाही. तो अगदी शांत पडून होता. मला वाटलं आराम पडला. तिसऱ्या दिवशी सहज डब्यातलं पाणी तपासलं तर नळी टँकच्या पाण्यापेक्षा गडद हिरवी.

झालं काय होतं तर, अमोनिया फक्त शीमधून येत नाही, तो कल्ल्यांमधून सतत बाहेर पडत असतो, उपाशी असला तरी. टँकमध्ये तो खायला फिल्टरमधले बॅक्टेरिया असतात, डब्यात कुणीच नसतं, आणि पाणी जेमतेम पाच लिटर. थंड पाण्यात अमोनियाचा विषारी भाग थोडा कमी असतो हे खरंय, पण म्हणून त्यातच मुरवत ठेवायचं का? आणि तो जो शांत दिसत होता ना, ते बरं होणं नव्हतं. गार पाण्यात त्याचं सगळंच मंदावतं, हालचाल, पचन, सगळं. फ्रीजमधला अ‍ॅक्सोलॉटल बरा होत असला तरी तसाच दिसतो आणि खंगत असला तरी तसाच, फ्रिजिंगची मला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती हीच.

तरी लोक फ्रीजकडे वळतात त्याला कारण आहे. हा प्राणी मूळचा मेक्सिकोतल्या शोचिमिल्कोच्या पाण्यातला, ती जागा समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरपेक्षा उंच, त्यामुळे त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं आणि २३-२४ च्या वर गेलं की ताण सुरू होतो. गार पाण्यात कल्ल्यांवरची कापसासारखी बुरशी हळू वाढते, पाण्यात ऑक्सिजनही जास्त मुरतो. पूर्वीपासून पाळणारे बरेच जण बुरशीला आणि खडा गिळल्यावर फ्रीजच सुचवायचे. पण गारव्यात बुरशी मंदावते तशी त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीही मंदावते, आणि तुटलेला कल्ला परत उगवण्याचं जे त्याचं प्रसिद्ध कसब आहे तेही. म्हणून आता अनेक जण फ्रिजिंगला शेवटचा उपाय म्हणतात, आणि माझंही मत तेच. खडा अडकल्याची शंका असेल तर डॉक्टरांनी सांगितलं तरच.

उन्हाळ्यात पाणी तापलं म्हणून फ्रीज हे तर अजिबातच नको. त्याला १७ हवेत आणि तुम्ही २६ वरून थेट ६ वर नेताय! टँकच्या झाकणाजागी जाळी टाकून पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश सहज उतरतात, शिवाय बर्फाची बंद बाटली टँकमध्ये आलटून पालटून ठेवता येते.

आता टबिंग नीट कसं करायचं, कारण दहातल्या नऊ वेळा तुम्हाला हेच लागणार आहे. टब असा घ्या की त्यात तो सहज वळू शकेल, आधी साबण-फिनाइल काही लागलेला नको. झाकणाला भोकं हवीत आणि पाण्याच्या वर थोडी मोकळी जागा, कारण तो मधूनमधून वर येऊन हवा गिळतो. तळाला काही घालू नका, लपायला एक पाइपचा तुकडा पुरे, वरून कापड टाकून अंधार करा. आणि टब एक नाही, दोन ठेवा. उद्याचं पाणी आजच भरून डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रावण) घालून पहिल्या टबच्या शेजारीच ठेवायचं म्हणजे दोन्हीचं तापमान एक होतं, दुसऱ्या दिवशी त्याला नुसतं इकडून तिकडे हलवायचं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की झालं यावर विसंबू नका, क्लोरीन तसा उडतो पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनसारखंच जंतू मारायला घातलेलं रसायन) असेल तर तो उडत नाही. हलवताना जाळी वापरू नका, कल्ल्यांच्या झालरी जाळीत अडकतात, वाडगं पाण्यात बुडवून त्यालाच आत येऊ द्या. शी दिसली की ड्रॉपरने लगेच उचलायची, २४ तासांची वाट बघायची नाही. एवढं केलं तर टबमध्ये तो कित्येक आठवडे आरामात राहतो, फ्रीजमध्ये तसं ठेवायचं नसतं.

अजून एक घोळ इथेच होतो तो मिठाचा. बुरशीवर देतात ती मिठाची अंघोळ म्हणजे टबिंग नाही. आयोडीन नसलेलं मीठ, लिटरला दोन ते तीन चहाचे चमचे, पूर्ण विरघळवून, घड्याळ लावून १० मिनिटं, आणि पूर्ण वेळ समोर बसायचं, तडफडला की लगेच बाहेर. राहायच्या टबमध्ये मीठ घालून दिवसभर ठेवला तर कातडी आणि कल्ले दोन्ही सोलवटतात. आणि माशांची औषधं घरात पडलीयेत म्हणून टाकू नका, तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली तर नकोच, याची कातडी सगळं शोषून घेते.

आणि डॉक्टरांनी फ्रिजिंग सांगितलंच तर? आदल्या रात्री एक ग्लास पाणी फ्रीजमध्ये ठेवून सकाळी थर्मामीटर बुडवून बघा, बरेच फ्रीज ४ च्या आसपास चालतात, ते जास्तच गार होतं. पहिल्या दिवशी टब टँकच्याच तापमानाच्या पाण्याने भरून आत ठेवला की पाणी आपोआप काही तासांत सावकाश गार होतं, तिथे फारसं चुकत नाही. चुकतं ते दुसऱ्या दिवशी, लोक पाणी बदलायला बाहेरचं पाणी वापरतात आणि त्याला दहा-बारा अंशांचा झटका बसतो. बदलायचं पाणी पण फ्रीजमध्येच, टबच्या बाजूला हवं. टबवर जाड कापड गुंडाळा, घरात दिवसातून पन्नास वेळा दार उघडतं, प्रत्येक वेळी दिवा आणि धक्का. खायला घालायचा आग्रह नको, पोटात गेलेलं पचणार नाही, मोठा अ‍ॅक्सोलॉटल आठवडाभर उपाशी राहिला तरी बिघडत नाही, पिल्लाचं मात्र तसं नसतं. बाहेर काढताना एक-दोन दिवस लावून हळूहळू वर आणा.

अंग फुगलं, कातडीवर लाल चट्टे आले, सारखा वरच तरंगतोय आणि खाली जाताच येत नाही, किंवा ओकतोय, तर टब की फ्रीज हा वादच घालू नका, स्वच्छ पाण्याच्या टबमध्ये घाला आणि अशा प्राण्यांचे डॉक्टर गाठा.

गुंड्याला मी त्याच दिवशी फ्रीजमधून काढला, दीड दिवस लावून हळूहळू नेहमीच्या तापमानाला आणला आणि मग साध्या टबमध्येच ठेवला. चौथ्या दिवशी कल्ले मागे गेले, सहाव्या दिवशी गांडूळ असं काही ओढलं की चिमटा हातातून सुटला. टँक तोवर रिकामाच चालवत होते, फिल्टरमधले बॅक्टेरिया परत जमायला महिना गेला, अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासूनच बनणारं दुसरं विष) दोन्ही आठवडाभर शून्य दिसेपर्यंत मी त्याला आत सोडला नाही. रोज सकाळी एक टब ओतायचा, एक भरायचा. कंटाळा यायचा, पण तो मात्र पाइपमधून तोंड काढून बघत बसायचा, आपल्याला काय त्याचं, असा चेहरा करून.