शीर बंद केली, मग रक्त जाणार कुठून?

अशोक चौकाकडे राहणारा एक ओळखीचा यंत्रमाग कामगार. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या, दोन नवस आणि एक गंडा एवढं उरकल्यावर त्याची स्वतःची तपासणी झाली. (आपल्याकडे हा क्रम जवळजवळ ठरलेलाच!) निदान निघालं डाव्या बाजूचं व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा. डॉक्टर म्हणाले, वरची शीर आतून बंद करू. त्यानं मला विचारलं, “शीरच बंद केली तर रक्त जातंय कुठनं ओ?”

प्रश्न चोख आहे. वृषणातून निघणाऱ्या शिरांचं जाळं तिथल्या धमनीला वेलीसारखं लपेटलेलं असतं. वर चढणारं गार रक्त खाली येणाऱ्या धमनीतली उष्णता शोषून घेतं. त्यामुळे वृषण शरीरापेक्षा 2 ते 4 अंशांनी थंड राहतं आणि शुक्राणूंना तेच मानवतं. पुढे या जाळ्याची एक मोठी शीर होते. उजवीकडची तिरकी जाऊन थेट महाशिरेला मिळते. डावीकडची आणखी 8-10 सेंटीमीटर वर चढते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात भिडते. रक्त मागे येऊ नये म्हणून या शिरेत झडपा असतात. त्या निकामी झाल्या की माणूस उभा राहताच पोटापासून खालपर्यंतच्या रक्ताचा भार जाळ्यावर येतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं, तसंच हे. शंभरातल्या साधारण 15 पुरुषांना हा त्रास असतो, बहुतेकांना डावीकडेच.

थोडक्यात, रक्त बाहेर नेणारी शीरच ते उलट आत ओतत असते. ती बंद केली की उलटा लोंढा थांबतो. बाहेर जायला वीर्यवाहिनीसोबतच्या आणि आसपासच्या बारीक शिरा असतातच.

मानेची किंवा जांघेची जागा बधिर करून तिथल्या शिरेतून बारीक नळी वर सांगितलेल्या त्या काटकोनापर्यंत नेतात. एक्स-रेत दिसणारं औषध (डाय) सोडून रुग्णाला कुंथायला सांगतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर काळी रेघ खाली धावताना दिसते. मग नळी त्या बिघडलेल्या शिरेत उतरवून धातूच्या कॉइल (बारीक गुंडाळ्या) किंवा शीर चिकटवणारं फेसाळ औषध सोडतात. टाका नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. कधी नळी जागेवर पोचतच नाही. मग सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया असतेच आणि ती काही कमी प्रतीची नाही.

‘बिनटाक्याचं ऑपरेशन, हमखास मूल’ असं कुणी सांगितलं तर तिथून निघावं. दुखत नसेल आणि वीर्यतपासणी चांगली असेल, तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. मात्र आडवं झाल्यावरही शिरा फुगलेल्याच राहिल्या, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

त्या कामगाराची शीर अशीच बंद करून झाली. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून त्याची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. सध्या आठ-दहा दिवस जड उचलायचं नाही. मालकानं बीमवरून (सुताच्या जड रुळाच्या कामावरून) काढून कांड्या भरायला बसवलंय.