हात कामात, कान रेडिओत: मराठी श्रवणाची पार्श्वभूमी

भाजी निवडताना कानात कादंबरी, लोकलमध्ये उभ्या उभ्या एखादी लांबलचक मुलाखत, झोपण्यापूर्वी गोष्ट. ही सवय मोबाइलने लावली असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मोबाइलने फार तर घड्याळ बाजूला सारलं. हातांना काम आणि कानांना सोबत ही वाटणी आपल्या घरांत रेडिओने करून दिली. तीही आपसूक झाली नाही. श्रोता कोणत्या वेळी कुठे असतो आणि काय करत असतो, याचा विचार करून आकाशवाणीच्या माणसांनी ती आखली होती.

सुरुवात मात्र निव्वळ हौसेची. ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टपाल-तार खात्याच्या साहाय्याने मुंबईतल्या आपल्या कचेरीतून गाण्याचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. पुढे हौशी मंडळींचे रेडिओ क्लब निघाले. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा, म्हणजे शहराबाहेर गेलं की खरखर सुरू. शिवाय संच महाग आणि वर्षाला दहा रुपयांचा परवाना वेगळा. परवानेधारकांची संख्या काही हजारांपुढे सरकेना. १९३० मध्ये कंपनी गुंडाळली गेली, सरकारने ती ताब्यात घेतली आणि ८ जून १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झालं.

इथवरचा रेडिओ दिवाणखान्यातला. तो माजघरात आणि चाळीच्या गॅलरीत पोचला स्वातंत्र्यानंतर. नागपूर केंद्र १९४८ मध्ये, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, सांगली १९६३ मध्ये. मराठीचा कारभार मुंबईत ‘मुंबई ब’ या वाहिनीकडे. त्या काळातल्या कार्यक्रमांची नुसती नावं वाचली तरी कार्यक्रम-आखणीमागचा हिशेब कळतो: ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’, ‘गंमत जंमत’, ‘युववाणी’. बहुतेक नावांत विषयाच्या आधी ऐकणारा दिसतो. मग बायकांसाठी दुपार, बातम्यांसाठी सकाळ. पुणे केंद्राच्या सात पाचच्या बातम्या लागल्या की आंघोळीला कोणी जायचं आणि डबा कधी भरायचा, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वेगळं सांगावं लागत नसे. ‘पुन्हा प्रपंच’सारख्या कौटुंबिक मालिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी बोलायचे आणि पंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी शेजारच्या बिऱ्हाडातले वाटायचे. रोजच्या जगण्यातल्या कटकटी खमंग बोलीत मांडायच्या, हा त्याचा सगळा ऐवज. आजच्या दोघा-तिघांच्या गप्पांच्या पॉडकास्टला पूर्वज शोधायचाच तर मी इथे शोधेन.

पण खरा गाभा पुण्यात आहे, आणि तो अवघ्या वर्षभराचा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत गेलं. कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. आठवड्याला एक नवं गीत असा नेम. त्या वर्षी अधिक महिना आला, त्यामुळे गीतं छप्पन्न झाली आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीला मालिका संपली. रेडिओच्या संचाला हार घालून, उदबत्ती लावून लोक बसत, अशा आठवणी अजून सांगितल्या जातात. मला त्यातल्या भक्तीइतकाच तो आठवड्याचा ठेका महत्त्वाचा वाटतो. कवीला आणि संगीतकाराला दर आठवड्याला काम पुरं करावंच लागे, आणि श्रोत्यालाही पुढचं गीत ऐकण्यासाठी सात दिवस थांबावंच लागे. हप्त्याहप्त्याने ऐकण्याची गोडी मराठी कानाला तिथे लागली.

याच काळात, याच केंद्राकडून दुसरा एक प्रयोग चालला होता, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं नेमली गेली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद झाल्यावर चर्चा करायची, आणि शंका पुणे केंद्राला लिहून पाठवायच्या. उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे या प्रयोगाची पाहणी केली. मंडळं नसलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत माहितीत कितीतरी जास्त भर पडली, असं त्यांना आढळलं. मूळ कल्पना कॅनडातली, पण आपल्या पारावर ती सहज रुजली. पारावर बसून ऐकणं आणि मग त्यावर हुज्जत घालणं आपल्याला काही नवीन नव्हतं.

गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांचं काम बघत. पुढे शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर त्यांनी गावोगाव कथाकथन केलं. लिहिलेली गोष्ट माणसाच्या आवाजात आणि बोलीच्या हेलांसकट ऐकायची, याची चटक या तिघांनी महाराष्ट्राला लावली. आजच्या ऑडिओबुकचा सरळ वारसा तिथून येतो.

मधल्या काळात गाण्यांची वेगळीच लढाई चालली होती. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांना चित्रपटसंगीत उथळ वाटे. १९५२ पासून आकाशवाणीवर ते आक्रसत गेलं आणि श्रोते निमूटपणे रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. श्रोता हट्टी असतो, एवढं सरकारला कळलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ आली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी तिच्यावर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर याच केंद्रांपासून. तोवर ट्रान्झिस्टर आला होता. संच भिंतीवरच्या फळीवरून उतरून शेताच्या बांधावर आणि पानाच्या टपरीवर गेला. घरातलं एकत्र ऐकणं तेव्हाच विस्कटू लागलं होतं. त्याचं खापर हेडफोनवर फोडण्यात अर्थ नाही.

घड्याळाशी असलेली गाठ पहिल्यांदा सोडवली कॅसेटने. व. पु. काळे यांचं कथाकथन, पु. ल. देशपांडे यांचं अभिवाचन हवं तेव्हा लावता येऊ लागलं. हवा तो भाग पुन्हा ऐकायचा, पाठ होईपर्यंत ऐकायचा. अमेरिकेत आणि आखातात गेलेल्यांच्या सामानात लोणच्याबरोबर या कॅसेटही असत. पण कॅसेट साठ किंवा नव्वद मिनिटांची. म्हणून तिच्यावर कथा टिकली, कादंबरी नाही. मराठीत अनेक वर्षं ‘ऐकण्याचं साहित्य’ म्हणजे विनोदी किंवा हळवी कथा असं जे समीकरण होतं, त्यात अभिरुचीचा भाग असेलही, पण फितीच्या लांबीचा जास्त होता. याला एक अपवाद सांगायला हवा. अंधांसाठी स्वयंसेवक वाचक अख्खी पुस्तकं ध्वनिमुद्रित करत आले. मुंबईतल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी ‘बोलकी पुस्तकं’ तयार केली. डोळस वाचकाला ऑडिओबुकचं कौतुक वाटू लागण्याच्या कितीतरी आधी अंध मराठी वाचक ती ऐकत होते.

मग खासगी एफएम. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला आणि २००१ पासून खासगी केंद्रं सुरू झाली. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. परवान्यांचे लिलाव महाग, बातम्यांना बंदी, जाहिरातदारांचा डोळा तरुणांवर. त्यामुळे गाणी आणि दोन गाण्यांमधली बडबड उरली. श्रुतिका, भाषण, चर्चा यांना जागाच नव्हती. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ त्यातूनच आली, आणि तिथल्या माणसांच्या बोलीला मायक्रोफोन मिळाला. पण अशी केंद्रं छोटी, त्यांचा टापू काही किलोमीटरांचा.

म्हणजे २०१६ च्या सुमाराला स्थिती अशी होती: बोललेला मराठी शब्द ऐकायची सवय तीन पिढ्यांची, आणि तो पुरवणारं आकाशवाणीखेरीज फारसं कोणी नाही. त्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे दर कोसळले. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला तिने मराठी निवडली. ही निवड मला मुळीच आश्चर्याची वाटत नाही. वाचणारे आवाजही तयार होते: नाटकातले नट, आकाशवाणीवर घडलेले निवेदक. फितीची मर्यादा गेल्यामुळे पंधरा-वीस तासांची कादंबरी एका दमात नाही तरी रोजच्या प्रवासात सलग संपवता येऊ लागली. पुस्तकाचं दुकान नसलेल्या तालुक्याच्या गावी ही सोय लहान नव्हे.

आकाशवाणीही मोबाइलच्या अ‍ॅपवर गेली. सांगली किंवा रत्नागिरीचं केंद्र आता न्यू जर्सीत ऐकू येतं. तरीही जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला, तेव्हा जो गदारोळ उठला, तो सात पाचच्या वेळेसाठी जितका होता तितकाच आवाज कुठून येतो यासाठी होता. आदेशाला स्थगिती द्यावी लागली.

एक विसंगती मात्र आजही तशीच आहे. कोट्यवधी रुपये मोजून परवाना घेतलेल्या खासगी एफएम केंद्राने स्वतः गोळा केलेली बातमी द्यायची नाही. २०१९ पासून फक्त आकाशवाणीची वार्तापत्रं जशीच्या तशी ऐकवायची मुभा आहे. आणि घरच्या कपाटात तोंड घालून, प्रतिध्वनी टाळत, मोबाइलवर बोलणाऱ्या पॉडकास्टवाल्याला असा कुठलाच परवाना लागत नाही. दुष्काळ, आरक्षण, साखर कारखाने, नाट्यगृहांची दुरवस्था या विषयांवर तासभर मोकळेपणी चाललेलं मराठी बोलणं ऐकायचं असेल, तर ते पॉडकास्टवर सापडतं. एफएमच्या पट्ट्यावर नाही.