ग्रीस मारलं म्हणून बॉल जॉइंट बरा होत न्हाई

कोल्हापुरात उद्यमनगरात, शाहूपुरीत कुणालाबी विचारा, गाडीच्या बॉल जॉइंटमधनं (चाक आणि सस्पेन्शन जोडणारा फिरता सांधा) कटकट आवाज आला की एक सल्ला ठरलेला, "बुटात (जॉइंटवरच्या रबरी टोपीत) सुई घालून ग्रीस मार, चालतंय की." भावा, आवाज बंद होतो, झीज न्हाई. आतला स्टीलचा गोळा आणि त्याची वाटी एकदा खड्ड्यातल्या चिखलपाण्यानं घासली की ग्रीसनं ती परत भरून येत न्हाई, आणि सुईनं तुम्ही बुटाला अजून एक भोक पाडलेलं असतंय ते वेगळंच.

घरी बघायचं तर सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँडवर ठेवा. चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, खेळ (ढिलेपणा) थांबला तर बहुतेक चाकाचं बेअरिंग गेलंय, तरीबी राहिला तर पहारीनं लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) हळूच उचकटून जॉइंटवर नजर ठेवा. आडवं धरून हललं तर आधी टायरॉड (स्टिअरिंगचा चाक वळवणारा दांडा) बघा. आणि हो, ज्या गाडीचं स्प्रिंग लोअर आर्मवर बसतंय तिथं आर्मखाली जॅक लावल्याशिवाय खेळ दिसतच न्हाई, इथंच लई जण फसत्यात.

बदलताना काही गाड्यांत जॉइंट रिव्हेटनं आर्मलाच असतोय, मग अख्खा आर्म घेतलेला परवडतो. नट टॉर्कनंच (ठरलेल्या जोरानंच) आवळा, स्प्लिट पिन (नट अडकवणारी पिन) जुनी वापरू नका, नंतर चाकांची अलाइनमेंट करा. खेळ जास्त असंल तर गगनबावड्याचा घाट तोवर राहू दे, जॉइंट सुटला की चाक आडवंच पडतंय.